खिडकीतली यागोदा

दक्षिण सर्बियातल्या लेस्कोवत्सच्या बसस्टँडवर दोन तिकीटखिडक्या आहेत. डावीकडे दिव्ना बसते, उजवीकडे यागोदा. रांग नेहमी दिव्नापुढे. ती तिकिटाबरोबर चार टोमणे फुकट देते आणि लोकांना ते हवे असतात. यागोदा मान खाली घालून तिकीट सरकवते. गेली काही वर्षं ही मान जरा जास्तच खाली गेली होती. एक तर मांडीवर फोन असायचा, आणि दुसरं म्हणजे काचेपलीकडच्या माणसाने आपला चेहरा नीट बघू नये असं तिला वाटायचं.

चेहऱ्यात बघू नये असं काही नव्हतं. पंचेचाळिशीची बाई, रुंद हनुवटी, डोळ्यांखाली पिशव्या, पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला. आमच्या दक्षिणेकडच्या बायका असतात तशी हाडापेराने दणकट. तिची आई रोसांदा म्हणायची, "तुझा बाप असाच दिसायचा. त्याच्यासाठी मी सोन्यासारखं स्थळ नाकारलं."

"बाबा पुरुष होते, आई," यागोदा म्हणायची आणि विषय संपवायची.

तिचा नवरा नेनाद कामासाठी ऑस्ट्रियाला गेला होता, लिंझला. यात विशेष काही नाही, अर्धं गाव तिकडेच आहे. उन्हाळ्यात यायचा, नाताळला यायचा, येताना चॉकलेटं आणि साबण आणायचा. मग एका ईस्टरला तो आलाच नाही, त्याचा फोन आला. "यागोदा, मी परत येईन असं धरून बसू नकोस," एवढंच म्हणाला. तिकडे दुसरी कोणी होती, हे तिला नंतर त्याच्या चुलतभावाकडून कळलं. मूलबाळ नव्हतं. यागोदा कपड्यांच्या बॅगा घेऊन आईकडे राहायला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सवयीने दोन कप कॉफी केली. आई अजून उठली नव्हती आणि आई कॉफी पीतही नाही. यागोदा दोन कपांसमोर बसली आणि का कोण जाणे, तिने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बोलायला लागली. आईला सांगावं तर आई नेनादच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. दिव्नाला सांगावं तर ती दुपारपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना सांगणार. फोन मधे बोलत नाही, म्हणून तिने फोनला सांगितलं. रडून डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, अंगात आईचा जुना स्वेटर. "मी दोन कप केले," ती म्हणाली. "आता दोन्ही मीच पिते. टाकून तर देणार नाही ना." मग तिने खरंच दोन्ही कप प्यायले आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकला.

संध्याकाळी बघते तर शेकडो बायकांनी लिहिलेलं. व्हिएन्नाहून, माल्मोहून, निशहून, बेलग्रेडहून. कुणी नवऱ्याला शिव्या दिल्या होत्या, कुणी लिहिलं होतं की मीसुद्धा अजून दोन ताटं मांडते. यागोदा पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली. आईने केलेली चीज भरलेली रोटी तिने तव्यावरून उतरायच्या आत अर्धी संपवली.

असं ते पेज सुरू झालं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती चार शब्द बोलायची. मैत्रिणींनो, आज स्वतःला एक तरी चांगला शब्द बोला. आज कुणाची माफी मागू नका. आज आरशात बघून हसा. ऐकणाऱ्या बायका हजारांनी वाढल्या.

आणि मग एका माणसाने खाली लिहिलं: ही बाई किती वर्षांची आहे, साठ? नवरा का पळाला ते कळलं.

त्याच्याखाली चाळीस बायका त्याच्यावर तुटून पडल्या होत्या. यागोदाने त्या चाळीसजणींपैकी एकीचंही वाचलं नाही. त्याचंच वाचत बसली. कामावर वाचलं, जेवताना वाचलं. त्या माणसाचा फोटोही नव्हता, नावाच्या जागी नुसता एक मासा होता. एका माशाने तिचा दिवस नासवला, मग आठवडा नासवला.

फोनमध्ये फिल्टर होता, हे तिला ठाऊक होतं. गावातल्या पोरी लावतात, डोक्यावर सशाचे कान नाचवतात. तिने शोधून साधा लावला. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. हनुवटी निमुळती झाली. दात सरळ आणि पांढरे झाले. तिने मान इकडेतिकडे वळवून बघितली, चेहरा तिच्याबरोबर वळला. फक्त आजच्या दिवस, ती स्वतःशी म्हणाली, आज डोळे फारच सुजलेत.

तो आजचा दिवस तीन वर्षं चालला.

एकदा लावलेला फिल्टर काढायचा कसा? काल ती तशी दिसत होती, आज अशी दिसली तर लोक काय म्हणतील? त्यामुळे तो रोज लावावा लागे, आणि दर थोड्या महिन्यांनी किंचित वाढवावा लागे, कारण खाली कुणीतरी लिही, "आज दमलेली वाटतेस गं." फोनमधली यागोदा दिवसेंदिवस तरुण होत गेली. स्वयंपाकघरात फ्रीज आणि खिडकी यांच्या मधे उजेड चांगला यायचा, म्हणून ती रोज तिथेच उभी राहायची. भांडी, कांद्याच्या टोपल्या, आईच्या औषधांच्या बाटल्या आधी बाजूला ढकलायची. त्या हातभर जागेत उभं राहून ती सांगायची, "स्वतःवर प्रेम करा, मैत्रिणींनो, जशा आहात तशा." आणि फोन बंद केला की मोरीतल्या आरशात दिसायला नको म्हणून दिवा न लावता दात घासायची.

बसस्टँडवर तिला सगळे ओळखत होते, ते कुठले तिचे व्हिडिओ बघायला बसलेत. फोनमधल्या बायका सगळ्या लांबच्या. दोन्हींच्या मधे काच होती, आणि ती काच फुटू नये म्हणून यागोदाचा जीव टांगणीला लागलेला असायचा. भाचीच्या लग्नात कॅमेरावाला दिसला की ही स्वयंपाकघरात. नेहमीच्या बाजारात जाणं सोडलं, कारण तिथल्या अंडीवालीची मुलगी स्टुटगार्टला आणि ती पेज बघते असं अंडीवालीच म्हणाली होती. आणि फोन तर हातातून सुटतच नव्हता. सकाळच्या व्हिडिओला लोकांचे लाल बदाम कमी आले की ती दिवसभर ते मोजत बसायची. जास्त आले तर उद्याची धास्ती. तिकीट देता देता डोळे मांडीवर.

"अगं राणीसाहेब," दिव्ना मधल्या फटीतून ओरडायची, "या गृहस्थांना निशला जायचंय. तू त्यांना व्रान्याला पाठवलंस तर त्यांची बायको तुला पत्र लिहून आभार मानेल, पण ते बिचारे काय करतील?"

यागोदा निमूट तिकीट बदलून द्यायची.

ऑगस्टच्या अखेरीची गोष्ट. बाहेरदेशी गेलेले लोक सुट्टी संपवून परतत असतात, स्टँडवर बॅगांचे ढीग असतात, पण ती सकाळ त्यामानाने शांत होती. दिव्ना मागच्या दाराशी सिगरेट ओढत होती. यागोदाच्या खिडकीशी एक बाई आली. साठीकडे झुकलेली, ठेंगणी, उन्हाने नाक लाल झालेलं, हातात रिबीन बांधलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. काचेतल्या छिद्राला तोंड लावून ती म्हणाली, "बाई, मला तिकीट नको, माहिती हवी आहे. इथे यागोदा म्हणून कुणी राहते का हो? ती फोनवर बोलते बघा सकाळी. यागोदाची सकाळ."

यागोदाच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि हवं त्यापेक्षा जास्त वेळ वाकून राहिली.

वर आली तेव्हा बाई तिच्याकडेच बघत होती. सरळ, स्वच्छ, कुतूहलाने. आणि तिच्या डोळ्यांत ओळखीचं काहीही नव्हतं.

खिडकीला एक जुना माईक आहे. त्यातून कुणाचाही आवाज सर्दी झाल्यासारखा खरखरत बाहेर पडतो. त्या खरखरीच्या आडून यागोदा म्हणाली, "नाही. माहीत नाही."

"असं कसं? ती एकदा म्हणाली होती, लेस्कोवत्सच्या मिरच्यांसारख्या मिरच्या जगात नाहीत, आमच्या अंगणात भाजतो म्हणून. इथलीच आहे ती."

"होती. गेली. नोवी सादला गेली असं ऐकलं."

खोटं किती पटकन सुचतं, याचं तिलाच नवल वाटलं. बाईचा चेहरा पडला. तिने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मी बोर्का. व्हिएन्नात असते, म्हाताऱ्यांच्या घरी काम करते. इकडे भावाकडे, व्लासोतिन्त्सेला आले होते. म्हटलं जाताना तिला भेटून जाऊ. वेफर बिस्किटं आणली होती, तिकडची चांगली असतात." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "मग आता बेलग्रेडची गाडी कधी?"

गाडी दुपारी होती. बोर्का समोरच्या बाकावर जाऊन बसली, बरोबर खिडकीच्या समोर. यागोदाला उठून जाता येईना, तिची पाळी संपायला अवकाश होता. खिडकीला पडदा ओढता येईना, गिऱ्हाईकं येत होती. चार हात लांबीची ती खोली, तीत खुर्ची, पंखा, हीटर आणि ती. मागे दिव्ना आली होती आणि तिने शेवटची वाक्यं ऐकली होती. यागोदाने तिच्याकडे बघितलं. दिव्ना एरवी काय काय बोलली असती. ती काहीच बोलली नाही, जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

बाकावर बोर्काने चष्मा लावला, पर्समधून फोन काढला आणि ऐकायला लागली. बहिऱ्यासारखा मोठा आवाज करून. स्टँडच्या त्या उंच छताखाली यागोदाचाच आवाज घुमला: "सुप्रभात, माझ्या सोन्यांनो. आज कुणापासूनही लपू नका. तुम्ही जशा आहात, तशाच पुरेशा आहात."

यागोदाचे कान तापले. समोर एक म्हातारा पिरोतचं तिकीट मागत होता, तिला तोंड उघडायचं धाडस होईना. खरखरीतून का होईना, इतक्या जवळून दोन्ही आवाज एकदम आले तर? तिने बोटाने किंमत दाखवली, मान हलवली, तिकीट सरकवलं. म्हातारा दिव्नाला म्हणाला, "ही मुकी झाली की काय?"

"घसा बसलाय तिचा," दिव्ना त्याच्याकडे न बघता म्हणाली.

एकामागून एक व्हिडिओ लागत राहिले. स्वतःच्या तोंडचे ते शब्द यागोदाने असे कधी ऐकले नव्हते. स्वतःला माफ करा. आरशात बघून हसा. कुणी परक्या, गोड बोलणाऱ्या बाईने तिला कोपऱ्यात कोंडून तेच ते सांगत राहावं, तसं तिला होऊ लागलं.

गाडीची वेळ जवळ आल्यावर बोर्का पुन्हा तिच्याच खिडकीशी आली. "बेलग्रेड एक." यागोदाने मान डोलावली.

"घसा बसलाय ना? त्या म्हाताऱ्याला सांगताना ऐकलं मी. रात्री राकिया दारूत भिजवलेलं फडकं गळ्याला बांध, वर लोकरीचं गुंडाळ. आणि त्या पंख्यासमोर बसू नकोस गं पोरी, वारं लागतं." तिने तिकीट घेतलं, पण हलली नाही. ओरखडे पडलेल्या धुरकट काचेतून ती यागोदाच्या चेहऱ्याकडे बघत होती. "राग मानू नकोस, पण तू फार दमलेली दिसतेस. काही दुखणंखुपणं नाही ना? तू हिला ऐकत जा. खरंच सांगते, बरं वाटेल तुला."

आणि तिने फोन काचेला टेकवला.

काचेवर यागोदा होती, निमुळत्या हनुवटीची, सरळ दातांची, डोळे हरणासारखे मोठे. काचेमागे यागोदा होती. मधे बोर्काचा अंगठा.

"हे हल्लीचे," बोर्का म्हणाली. "हे मी नुसते ऐकते, बघत नाही. हल्ली ती बाहुलीसारखी दिसते, काय करून घेतलंय कोण जाणे. हा बघ, हा माझा." तिने शोधून जुना व्हिडिओ काढला. दोन कप, आईचा स्वेटर, सुजलेले डोळे. "माझा नवरा, मिरोस्लाव, गेला ना, त्या वेळी मी हा रोज बघायची. हिचे डोळे माझ्यासारखे होते. मला वाटायचं, चला, ही उठून बसली आहे, तर मीही उठते." तिने फोन पर्समध्ये टाकला. मग डब्याकडे बघितलं आणि तो खिडकीच्या कडेला ठेवला. "हे तूच घे. परत कुठे नेऊ? चहाबरोबर खा."

गाडी लागली, बोर्का चढली, गाडी गेली. यागोदा त्या डब्यावर हात ठेवून बसून राहिली.

दिव्नाने दिवसभर तिला एकही टोमणा मारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच यागोदाला तिच्या टोमण्यांची उणीव वाटली.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवशी तिने फिल्टर काढून फेकला असेल. ती उभी राहिली खरी, फ्रीज आणि खिडकीच्या मधे. फिल्टर काढला. पडद्यावर जो चेहरा आला त्याने तिची वाचाच बसली. तीन वर्षांत तिने तो नीट बघितलाच नव्हता, आणि मधल्या काळात तो गुपचूप म्हातारा झाला होता. तिने फोन पालथा घातला. मग पुन्हा सरळ केला, फिल्टर लावला आणि म्हणाली, "सुप्रभात, माझ्या सोन्यांनो." त्या दिवशी बदाम नेहमीपेक्षा जास्त आले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. फिल्टर लावून बोलावं तर बोर्काचा अंगठा आठवायचा. न लावता बोलावं तर जीभ उचलायची नाही. बोलूच नये तर दुपारपर्यंत हात शिवशिवायचे, लोक विचारायचे, कुठे गेलीस, बरी आहेस ना, आणि न दिलेलं प्रत्येक उत्तर मानेवर ओझं होऊन बसायचं. एकदा तिने फोन आईच्या हातात दिला. "रविवारपर्यंत मला देऊ नकोस. मागितला तरी."

"मागशील," रोसांदा म्हणाली.

"मागितला तरी नाही द्यायचा."

आईने तो कोठीत कुठेतरी लपवला. कामावरून आल्या आल्या यागोदा कोठीत. काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमागे, सुक्या आलुबुखारांच्या पिशवीत, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून. दारात आई येऊन उभी राहिली तेव्हा यागोदाचे दोन्ही हात पांढरे झालेले आणि तोंड चोरासारखं.

"तुझा काका दारूसाठी असंच शोधायचा," रोसांदा शांतपणे म्हणाली. तिने एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि लेकीच्या पिठाच्या हातावर ठेवला. "घे. मी तुझी आई आहे, पहारेकरी नाही."

यागोदाने फोन घेतला. लाज वाटत होती आणि घेत होती, दोन्ही एकदम.

सप्टेंबरात मिरच्या आल्या. दरवर्षीप्रमाणे दिव्ना तिच्या गोण्या घेऊन यांच्या अंगणात आली, कारण तिच्याकडे फ्लॅट आहे आणि फ्लॅटमध्ये मिरच्या भाजल्या तर शेजारी पोलीस बोलावतात. लोखंडी चुलीवर जाड, गोडसर लाल मिरच्या काळ्या पडेपर्यंत भाजायच्या, झाकून घाम आणायचा, मग एकेकीचं साल काढायचं, वाटायचं आणि मोठ्या कढईत तेलावर दिवसभर ढवळत राहायचं, तेव्हा कुठे हिवाळ्याचा आयवार, मिरच्यांची ती घट्ट चटणी, तयार होतो. हात कोपरापर्यंत काळे आणि चिकट. फोन खिशात थरथरत होता आणि यागोदाला त्याला हात लावता येत नव्हता. ती सारखी खिशाकडे बघायची.

"वाजू दे," दिव्ना साल सोलता सोलता म्हणाली. "मेला नाही कुणी."

यागोदाने पुढची मिरची घेतली. थोड्या वेळाने दिव्नाच म्हणाली, "मी एक विचारू? तू रागावशील."

"तू कधीपासून विचारून बोलायला लागलीस?"

"त्या बाईला तू का नाही सांगितलंस?"

कढईतलं मिश्रण फुटफुटत होतं. यागोदाने मिरचीचा देठ ओढला, बिया हातावर सांडल्या. "तिने मला ओळखलं नाही, दिव्ना. मी सांगितलं असतं तर तिने आधी माझ्याकडे बघितलं असतं, मग फोनकडे, मग परत माझ्याकडे. ते बघणं मला सोसलं नसतं."

"आणि मी? मी तुला रोज बघते. बारा महिने, त्या पिवळ्या ट्यूबलाइटखाली, सर्दीत, तापात. मी आंधळी आहे का?"

"तुझं वेगळं आहे."

"का वेगळं? मी बाई नाही? का मी बदाम पाठवत नाही म्हणून माझं बघणं हिशेबातच नाही?"

हे दिव्ना चिडून बोलली. तिला खरंच लागलं होतं. इतकी वर्षं आपल्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईला आपण कशाच्या रांगेत धरलं होतं, हे यागोदाच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. रोसांदा कढईपाशी मोठा चमचा फिरवत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "भांडा, पण साल नीट काढा. दाताखाली येतं."

त्या आठवड्यात यागोदाने बोर्काला शोधलं. पेजवर खाली लिहिणाऱ्या बायकांत तीन बोर्का होत्या, पैकी व्हिएन्नाची एकच. तिने लिहायला घेतलं, खोडलं, आणि शेवटी फोनच लावला.

"बोर्कामावशी, मी यागोदा."

"कोण? कुठली... अगंबाई! यागोदा? आपली यागोदा? थांब, थांब, मी बसते."

"मावशी, खिडकीत मीच होते. लेस्कोवत्सला. वेफर तुम्ही मलाच दिलेत."

पलीकडे कुणा म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला, दार लावल्याचा आवाज आला.

"तूच होतीस," बोर्का म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी तुला माझ्या मिरोस्लावचं सांगितलं. तुझ्या तोंडावर सांगितलं. आणि तू मला तिकीट दिलंस."

"मला लाज वाटली."

"कसली लाज? माझी?"

"माझ्या चेहऱ्याची."

"तुझ्या चेहऱ्याची," बोर्का हळू म्हणाली. "आणि रोज सकाळी आम्हाला सांगतेस, जशा आहात तशा. मी म्हाताऱ्यांची गादी बदलताना ते ऐकते. माझे हात फुटलेत, पाय सुजलेत, तरी मी म्हणायचे, यागोदा म्हणते तर असेल खरं. मला वेड्यात काढलंस तू." आणि तिने फोन ठेवला.

यागोदाने बराच वेळ फोन कानालाच धरून ठेवला. कुणीतरी खरं बोललं होतं आणि ते त्या माशाच्या बोलण्यासारखं नव्हतं, हे तिला जाणवलं. माशाने दिलं ते झटकता येत नव्हतं, कारण त्याला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. बोर्काचं बोलणं खोल गेलं, पण त्यात तिच्यासाठी जागा होती. रागावलेल्या माणसाची माफी तरी मागता येते.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात बसली, उन्हात. फिल्टर लावला नाही. तिने सांगितलं की तीन वर्षं तुम्ही बघितलात तो चेहरा माझा नव्हता. मी तुम्हाला जे सांगत होते ते मला स्वतःला जमत नव्हतं, अजूनही जमत नाही. आरशात बघून हसा म्हणाले, मी आरशाकडे बघतसुद्धा नाही. एक बाई मला भेटायला आली तेव्हा मी तिला खोटं सांगितलं, तिची मी माफी मागते. यापुढे रोज येणार नाही. बोलावंसं वाटलं तर येईन.

तिने ते टाकलं, फोन बंद केला आणि कामावर गेली. त्या दिवशी व्रान्याचं तिकीट मागणारा माणूस चक्क व्रान्यालाच गेला, असं दिव्ना नंतर सगळ्यांना सांगत होती.

संध्याकाळी उघडून बघितलं तर जे व्हायचं तेच झालं होतं. हजारो गेल्या. कुणी लबाड म्हटलं, कुणी म्हटलं म्हातारीने उल्लू बनवलं. कुणी पाठ थोपटली, आणि यागोदाच्या लक्षात आलं की पाठ थोपटणाऱ्यांतही ती तोच जुना गोडवा चाटूनपुसून शोधते आहे. तिने फोन ठेवला. मग उचलला. मग ठेवला. त्या आठवड्यात ती फार रडली, आणि सुटल्यासारखं वाटेल अशी जी आशा होती ती खोटी निघाली. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी पाय आतच वळत होते.

पण हळूहळू काही गोष्टी झाल्या. तिने निशहून एक जुन्या पद्धतीचा, बटणांचा फोन आणला, स्टँडवर तोच नेऊ लागली. पहिले काही दिवस मांडी इतकी मोकळी वाटायची की ती तिथे पर्स ठेवायची. हात रिकामे राहू लागले तेव्हा ती समोरच्या माणसांकडे बघू लागली. पिरोतचा तो म्हातारा दर मंगळवारी बायकोच्या कबरीवर जायला येतो, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. जुन्या बाजारात पुन्हा जायला लागली. अंडीवाली म्हणाली, "माझी पोरगी म्हणते तू सगळ्यांना फसवलंस." यागोदा म्हणाली, "हो, फसवलं. डझनभर दे." तोंडाने म्हणाली खरी, पण उरलेले पैसे परत घ्यायचे राहूनच गेले.

ऑक्टोबर संपताना बोर्काचा निरोप आला. नुसता आवाज. "यागोदा, मी अजून रागावले आहे. पण तो अंगणातला व्हिडिओ मी बघितला. तुझी आई मागे कोबी चिरत होती ना? ती चुकीच्या बाजूने चिरते. तिला सांग, देठ आधी काढायचा." यागोदाने ते आईला ऐकवलं. रोसांदा भडकली आणि व्हिएन्नाच्या बायकांना कोबीतलं काय कळतं यावर अर्धा तास बोलली. यागोदाने ते सगळं बोर्काला तसंच कळवलं. त्यानंतर दोघींचं बोलणं सुरू झालं, कधी रविवारी, कधी तीन आठवड्यांनी. बोर्का अजूनही मधेच टोचून बोलते. यागोदा ऐकून घेते.

नोव्हेंबरात त्यांच्या घरच्या संताचा दिवस आला, त्यांचा स्लावा. घर पाहुण्यांनी भरलं. पाद्री येऊन गेला, मेणबत्ती लागली, गव्हाचा प्रसाद फिरला, दिव्ना सकाळपासून सारमाच्या, कोबीच्या पानांत खिमा भरलेल्या गुंडाळ्यांच्या, पातेल्यावर सासूसारखी बसली होती. जेवणं झाल्यावर भाचीने सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. यागोदा सवयीने ट्रे उचलून स्वयंपाकघराकडे निघाली. दिव्नाने तिचा दंड धरला. "कुठे? आत सगळी ताटं घासलेली आहेत."

ती उभी राहिली, आईच्या आणि दिव्नाच्या मधे, ट्रे हातातच. भाचीने फोटो काढला आणि लगेच टाकलाही, हल्लीच्या पोरी विचारत नाहीत.

यागोदाने ते बघायचं नाही असं ठरवलं. कॉफी केली, पाहुण्यांना दिली, म्हाताऱ्या काकांचा कोट शोधून दिला, दारापर्यंत सगळ्यांना पोचवलं. मग तिच्याने राहवलं नाही. तिने मोठा फोन काढला आणि फोटो उघडला. खाली नातेवाइकांचे आशीर्वाद होते, आणि कुणीतरी लिहिलं होतं: ट्रेवाली आजी कोण?

आजी हा शब्द तिने दोनदा वाचला. भाचीला सांगून फोटो काढून टाकायला लावावा, असं मनात आलं, बोट तिच्या नावावर गेलंही. टेबलाशी दिव्ना आणि रोसांदा उरलेल्या केकवरून वाद घालत होत्या, कुणी किती न्यायचा. यागोदाने तो शब्द पुन्हा एकदा वाचला. मग लिहिलं: मी, यागोदा. आजी नाही, मावशी आहे.

आणि फोन पालथा घालून ती केकच्या वादात पडली. त्या संध्याकाळी तिने तो आणखी दोनदा सरळ करून बघितला. पण फोटो काढून टाकायला सांगितलं नाही.